अकरा क्रमांकाचा कागद

"आधी मुलीची सही घेऊ," पाळकसाहेब म्हणाले आणि त्यांनी तो कागद टेबलावरून माझ्याकडं सरकवला. "म्हणजे उद्या तिच्या मनात काही राहायला नको."

"आधी फॉर्म भरायचा असतो, साहेब," डॉक्टर वाघचौरे हळूच म्हणाले. "सही शेवटी."

"भरल्यातच जमा आहे हो. पोराच्या तोंडाकडं बघा, कसं तेज आलंय."

आम्ही सगळ्यांनी मनूच्या तोंडाकडं पाहिलं. तेज कसलं, कपाळावर घाम होता. त्यानं तो पुसला नाही. पुसला असता तर तो आहे असं कबूल केल्यासारखं झालं असतं.

मार्चमधला शनिवार होता, दुपारचे तीन. मिशन कंपाउंडातल्या पाळकसाहेबांच्या बंगलीच्या पडवीत आम्ही सहा जण बसलो होतो. टेबलाच्या एका बाजूला पाळकसाहेब आणि मनूचे वडील, शिमोनगुरुजी; मनू त्यांना अण्णा म्हणायचा. दुसऱ्या बाजूला मी आणि माझी आई. पुण्याहून आलेले वाघचौरे डॉक्टर मधे, आणि बाकावर, सगळ्यांपासून हातभर लांब, मनू. इम्मानुएल शिमोन अमोलिक. आमच्या लग्नाची जाहिरात चर्चमध्ये दोन रविवार वाचून झाली होती. तिसरी आणि शेवटची उद्या होती.

मला फसवलं नव्हतं, हे आधी सांगते. दोन महिन्यांपूर्वी पाळकसाहेब स्वतः आमच्या घरी आले होते. खाटेवर बसून दोन कप चहा प्याले आणि मग म्हणाले, "हन्ना, तू नर्स आहेस, तुला उघड सांगतो. मनूचं मन बायकांकडं वळत नव्हतं. पुरुषांकडं ओढ होती. घाटावरच्या आपल्या केंद्रात वर्षभर राहिला. प्रार्थना झाल्या, शास्त्रशुद्ध उपचार झाले. प्रभूनं मोकळा केलाय त्याला."

"पण आता बरा आहे ना?" आईनं विचारलं होतं, टायफॉइडमधून उठलेल्या माणसाबद्दल विचारावं तसं.

मीही तसंच समजले. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची. वडील वारलेले. दोन ठिकाणी ठरता ठरता मोडलेलं. कंपाउंडातल्या बायका मला बघून 'प्रार्थना चालू आहे हं तुझ्यासाठी' म्हणायच्या आणि माझ्या अंगावर काटा यायचा. पण तेवढ्यासाठी हो म्हटलं नाही. हो म्हटलं ते मनूसाठी. मिशनच्या शाळेत तो चित्रकला शिकवायचा आणि चर्चमध्ये पेटी वाजवायचा. माझ्या आईला येशूच्या ओव्या येतात, तिच्या आजीकडून आलेल्या, कुठंच न लिहिलेल्या. मनू आमच्या पायरीवर बसायचा, वही मांडीवर घेऊन, आणि म्हणायचा, "मावशी, ती ओळ पुन्हा म्हणा, तिथं सूर वाकतो." माझ्या आईला आयुष्यात कुणी 'पुन्हा म्हणा' म्हटलं नव्हतं. मी आत पोळ्या लाटत असायचे. लाटणं थांबायचं.

तर हा कागद.

वाघचौरे डॉक्टर मानसशास्त्राचे. केंद्रात आलेल्या तेवीस जणांचा ते अभ्यास करत होते. माणूस बदलतो का, किती बदलतो, टिकतं का. प्रत्येकाचे तीन फॉर्म. आल्यावर एक, वर्षानं दुसरा, आणखी सहा महिन्यांनी तिसरा. मनूच्या फॉर्मवर वरच्या कोपऱ्यात अकरा क्रमांक होता. नाव कुठंच नाही. आत बरेच प्रश्न होते, पण मुख्य एक चित्र होतं. सात पायऱ्यांची शिडी. सगळ्यात वरची सहावी, सगळ्यात खालची शून्य. तुमच्या मनाची ओढ कुठं आहे तिथं खूण करा. सहा म्हणजे पूर्ण आपल्यासारख्याच देहाकडं. शून्य म्हणजे अजिबात नाही.

आणि खाली, छापलेल्या मजकुराच्या बाहेर, पट्टीनं ओढलेल्या दोन ओळी होत्या. साक्षीदार एक. साक्षीदार दोन.

"या ओळी माझ्या नाहीत," डॉक्टर मला म्हणाले. ते बारीक अंगाचे, बोलताना चष्म्याची दांडी चावायचे. "असा कागद माणसानं एकट्यानं भरायचा असतो, बाई. समोर कुणी असलं की माणूस समोरच्याला हवं ते लिहितो. पण केंद्राची कमिटी ऐकेना."

"ऐकेना म्हणजे?" पाळकसाहेब हसले. "दोघा किंवा तिघा साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट शाबीत व्हावी, असं पवित्र शास्त्रात लिहिलंय. एकट्याच्या शब्दावर तर कोंबडीसुद्धा विकत घेत नाही आपण. मग हा तर आत्म्याचा विषय. पहिल्या दोन फॉर्मवर गुरुजींची आणि माझी सही आहे. आता लग्न ठरलंय, तेव्हा माझ्या जागी हन्ना. बायकोपेक्षा मोठा साक्षीदार कोण?"

"अजून बायको नाही झालेली," आई पुटपुटली.

"उद्या जाहिरात झाली की झालीच म्हणायची, मावशी."

गुरुजी आतापर्यंत बोलले नव्हते. निवृत्त हेडमास्तर, बसतानाही ताठ. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशावर हात ठेवला. "शून्य आलं तर देवाची स्तुती. नाही आलं तर लग्न नाही आणि आणखी एक वर्ष केंद्र. त्याला पुन्हा तिकडं पाठवायची संमती मी लिहून आणलीय. मी काही पोराला अर्धवट बरा करून कुणाच्या लेकीच्या गळ्यात बांधणार नाही."

चांगला माणूस. खरंच चांगला माणूस. तो असं म्हणाला तेव्हा मनूची बोटं बाकाच्या फळीवर काहीतरी वाजवत होती, आवाज न करता.

"घे की पोरी," पाळकसाहेबांनी मला पेन दिलं.

मी पेन घेतलं, आणि हात तसाच राहिला. दवाखान्यात नवीन पोरींना मी पहिल्याच आठवड्यात एक शिकवायचे. थर्मामीटर लावल्याशिवाय तक्त्यावर ताप लिहायचा नाही. पेशंट हसत असला तरी नाही, डॉक्टर घाईत असले तरी नाही. आणि इथं मी काय पाहिलं होतं? दोन महिन्यांत मनू माझ्याशी एकटा असा बोलला होता ते एवढंच, की वरणात हिंग जास्त झालाय.

"साहेब, मी यांना एकदा एकटीनं विचारते," मी म्हटलं.

डॉक्टरांनी तोंडातली चष्म्याची दांडी काढली.

"एकटीनं म्हणजे?" गुरुजी.

"म्हणजे तुम्ही सगळे जरा बाहेर."

"असं कसं, हन्ना?" पाळकसाहेब म्हणाले. "लग्नाआधी मुलगा-मुलगी बंगलीत एकटे? उद्या मी पुलपिटावर कुठल्या तोंडानं उभा राहू?"

आईला घाबरलं की गुणगुणायची सवय आहे. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती माझ्या शेजारी अगदी बारीक आवाजात म्हणत होती, आपण म्हणतोय हे तिलाही ठाऊक नसावं:

दुपारच्या गं पारी, ऊन विहिरीशी उभं
बाई एकटी पाण्याला, येशू बोले तिच्यासंगं

शिष्य गेले गावामंदी, भाकर आणायाला
तवा घावली गं येळ, तिला खरं बोलायाला

"पाळकसाहेब," मी म्हटलं, "प्रभू त्या शोमरोनी बाईशी विहिरीवर बोलला, तेव्हा शिष्य कुठं होते?"

"शिष्य? शिष्य गावात गेले होते. अन्न विकत आणायला." उत्तर तोंडातून निघून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मान हलवत ते हसायला लागले. "काय पण पोरगी आहे! गुरुजी, उठा. शिष्यांनी भजी आणायला जायचंय."

"हा पोरकटपणा..."

"उठा हो. वचनापुढं काय बोलणार?"

डॉक्टर सगळ्यात आधी उठले होते. जाताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मला तेव्हा वाटलं की या माणसाला आज दीड वर्षांनी कुणीतरी पाणी दिलंय. आई आत पाळकीणबाईंकडं गेली. फाटकाचा आवाज आला. मग नुसती लिंबाची वाळलेली पानं अंगणात सरकत राहिली.

मनू बाकावर तसाच.

"भज्यांना किती वेळ लागेल?" मी विचारलं.

"गफूरच्या गाड्यावर गर्दी असते. वीस मिनिटं."

"मग बोल."

"हन्ना, तू हे चांगलं नाही केलंस," तो म्हणाला. "सगळे होते तेव्हा सोपं होतं. मी खूण करायची, तू सही करायची. आता मला तुझ्याशी खोटं बोलायला लागेल."

"मग नको बोलूस."

तो हसला. खरं हसला, दात दिसले. मग हसू तिथंच विझलं. मी कागद घेऊन त्याच्या शेजारी बसले. त्याच्या डाव्या मनगटावर एक बारीक, गोल, काळपट वण होता. वेलीचा तणावा आवळून राहावा तसा.

"हे काय?"

"रबर. मनात वाईट आलं की ताणून सोडायचं. हे डॉक्टरांचं नाही हं, केंद्रातल्या भाऊंचं. डॉक्टर बिचारे नुसतं मोजतात."

"किती वेळा?"

"पेटीवर असलो की नाही. तेव्हा दोन्ही हात गुंतलेले. म्हणून तर चर्चमधून उठायचो नाही मी. तुम्ही सगळे म्हणायचात, काय भक्ती पोराची." त्यानं मनगट शर्टाच्या बाहीत ओढून घेतलं. "तिकडं पेटी नव्हती."

"खरं कुठं आहेस?" मी शिडीचं चित्र त्याच्यापुढं धरलं.

त्यानं बोट ठेवलं. सगळ्यात वर. बोट उचललं तेव्हा सहाव्या पायरीवर घामाचा ओला ठसा होता.

"पहिल्या दिवशी होतो तिथंच. पहिल्या फॉर्मला सहा लिहिलं. दुसऱ्या वेळी अण्णा समोर बसले होते, उपास करून आलेले, ओठ सुकलेले. मी तीन लिहिलं. त्यांनी तिथंच गुडघे टेकले. आज शून्य लिहीन." त्यानं बोट पँटला पुसलं. "लोक म्हणतात मी शिडी उतरलो. मी कसला उतरतोय. पेन उतरलं."

"प्रार्थनेनं काहीच..."

"रोज करतो. आजही केली." आता तो माझ्याकडं वळला. "तुला एक सांगू? हे मी कुणालाच बोललो नाही. एवढ्या वर्षांत देव मला कधीही म्हणाला नाही की तू मला नकोस. भाऊ म्हणाले, कमिटी म्हणाली, अण्णा म्हणाले नाहीत पण त्यांचं तोंड म्हणालं. देव नाही म्हणाला. तेवढं एक मी सांभाळून आणलंय तिकडून. आणखी एक वर्ष गेलो तर ते राहणार नाही, हन्ना. मग मी पेटी वाजवीन, पण कुणासाठी?"

बाहेरून सायकलची घंटा ऐकू आली. आम्ही दोघंही दचकलो. कुणीतरी दुसरंच होतं.

"सही कर," तो घाईनं म्हणाला. "आणि लग्नही कर माझ्याशी. मी चांगला राहीन. दारू नाही, हात उगारणार नाही. भांडी मी घासतो, विचार अण्णांना. मावशींना आपल्याकडंच आणू. त्यांच्या सगळ्या ओव्या लिहून काढीन. आपण मुलंही... लोक करतात की. मी प्रयत्न करीन."

तो 'प्रयत्न करीन' म्हणाला तेव्हा त्याचा उजवा हात बाहीतल्या मनगटाकडं गेला होता. त्याला कळलंसुद्धा नाही.

"आणि मला?" मी म्हटलं.

"तुला काय?"

"मला शिडी नाही का, मनू? मी कुठल्या पायरीवर उभं राहायचं? तुझ्या वहीतला सूर ऐकत मी पोळ्या करपवल्यात. मला वाटायचं, हा माणूस एक दिवस माझ्याकडंसुद्धा तसं बघेल. 'पुन्हा म्हण' म्हणेल. तू माझी भांडी घासशील. घासशीलच. आणि मी रोज सकाळी तुझं मनगट बघत उठायचं?"

त्यानं डोळ्यांवर हात धरले आणि बोटांच्या फटीतून म्हणाला, "मग लिही खरं. सहा लिही. माझी तक्रार नाही."

खरं लिहिलं, की तो परत घाटावर. खोटं लिहिलं, की उद्या जाहिरात, महिन्याभरात बोहल्यासारखं सजवलेलं ते चर्च, आणि मग सगळं आयुष्य. कागद एवढासा होता. माझ्या मांडीवर होता आणि त्यातून बाहेर पडायला जागा नव्हती.

फाटक वाजलं. पाळकसाहेबांचं हसू ऐकू आलं.

"शून्यावर खूण कर," मी म्हटलं.

"हन्ना, उद्या..."

"उद्याचं उद्या बघू. खूण कर."

त्यानं केली. ती खूण शून्याच्या पायरीवर नाही, जरा खालीच पडली, जमिनीवर. मी दुसऱ्या साक्षीदाराच्या ओळीवर लिहिलं, 'मी एकांतात विचारले. माझी खात्री झाली.' आणि सही केली. हन्ना याकोब भिंगारदिवे, स्टाफ नर्स. अक्षर चांगलं आलं. माझं अक्षर नेहमीच चांगलं येतं.

पाळकसाहेबांनी कागद वाचला आणि हालेलुया म्हटलं. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. मग कोटाच्या खिशातून ती संमतीची घडी काढून तिचे चार तुकडे केले आणि भज्यांच्या तेलकट कागदात टाकले. आणि त्या ताठ माणसानं मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. मनू डोळे मिटून बसला होता. त्या हाताखाली तो किती लहान दिसत होता!

डॉक्टर वाघचौरे सगळ्यात शेवटी टेबलाशी आले. माझ्या सहीवरची शाई वाळावी म्हणून त्यांनी हळूच फुंकर घातली.

"बाई, तुमचे आभार," ते म्हणाले. "तेवीस जणांत हा एकच कागद, जो कमिटीच्या नजरेखाली भरला गेला नाही. बाकीच्यांबद्दल मला झोप लागत नाही. पण अकरा क्रमांक मी छातीठोकपणे मांडीन."

माझं तोंड उघडलं होतं. शब्द जिभेवर होते. पण चार तुकडे भज्यांच्या कागदात होते, आणि मनूनं डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं होतं.

"भजी घ्या, निवतील," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चर्च गच्च. आमच्याकडं पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. पाळकसाहेबांनी तिसरी जाहिरात वाचली. आमची दोघांची नावं, आईवडिलांची नावं, आणि मग ते ठरलेलं वाक्य, या विवाहास कोणाची हरकत असल्यास त्याने आत्ता सांगावे. सांगून ते पान उलटायला लागले, कारण कुणीच कधी सांगत नाही.

मी उभी राहिले.

"मला हरकत आहे."

"कोण? हन्ना?" पाळकसाहेब गोंधळले. "अगं, तू तर वधू आहेस."

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"हो. वधूचीच हरकत आहे. माझं मन नाही. मुलात काही खोट नाही. तो बरा आहे, काल मीच लिहून दिलंय. माझं मन नाही, एवढंच."

आई शेजारी बसली होती. तिनं माझी साडी ओढली नाही. नंतर घरी आल्यावर मात्र दार लावून म्हणाली, "हरकत घ्यायची होती तर पहिल्या रविवारी घ्यायची, बाई. तोवर पत्रिका वाटल्या नव्हत्या." आणि रडली. काय झालं ते तिनं कधी विचारलं नाही. ओव्या मात्र बरेच दिवस बंद होत्या.

मी रविवारी शिकवायचे त्या शब्बाथशाळेतून चर्चनं मला काढलं. शब्द देऊन फिरणारी बाई मुलांना काय शिकवणार, असं कमिटीच्या ठरावात होतं. बायकांनी माझ्यासाठीची प्रार्थना थांबवली, तेवढं एक बरं झालं. वर्षभरात मी बदली मागून घेतली. मनूला घाटावर कुणी पाठवलं नाही. बरा झालेला मुलगा, बिचारा, मुलीनं दगा दिला, असं सगळे म्हणायचे. दोन वर्षं कुणी त्याच्यापुढं लग्नाचा विषय काढला नाही आणि तेवढ्यात त्यानं मध्य प्रदेशात लांबच्या एका शाळेत नोकरी धरली. तिथून त्याचं पत्र आलं. 'तू उभी राहिलीस तेव्हा मी पेटीवर होतो. वाटलं, आता माझं सांगशील. तू स्वतःचं सांगितलंस.' पुढं दर नाताळला एक कार्ड यायचं, हातानं काढलेलं. त्यात कधी विहीर, कधी नुसतं झाड. चौथ्या की पाचव्या वर्षी कार्डावर त्याच्या नावाशेजारी आणखी एक नाव होतं, पुरुषाचं. मी ते कार्ड बायबलात ठेवलं.

मी लग्न केलं नाही. पुन्हा कुणी विचारलं नाही, आणि मीही पोळ्या नीट भाजायला शिकले. त्या शनिवारबद्दल कुणाला काही बोलले नाही. गुरुजी होते तोवर बोलता येत नव्हतं. ते गेल्यावर वाटलं, आता कशाला. एका माणसाची सुटका झाली, एक कागद कुठंतरी फायलीत पडला, संपलं.

तेरा वर्षांनी, मराठवाड्यातल्या ज्या मिशन दवाखान्यात मी मेट्रन होते, तिथं एक बाई आपल्या तरण्या मुलीला घेऊन आल्या. केंद्रात दाखल करायचं होतं, त्यासाठी तब्येतीचा दाखला हवा होता. डॉक्टर यायचे होते, म्हणून मी मुलीचं वजन घेत होते. मुलीचं नाव यमीमा. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. काट्यावर उभी राहून ती समोरच्या भिंतीकडं बघत होती.

"कुठलं केंद्र?" मी विचारलं.

त्या बाईंनी घाटावरचं ते नाव घेतलं. "मैत्रिणीचं प्रकरण आहे, सिस्टर," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "पण गुण येतो तिथं. नुसती प्रार्थना नाही, संशोधन आहे. हे बघा की."

त्यांनी पर्समधून एक पुस्तिका काढली. हाताळून हाताळून मऊ झालेली. तेवीसपैकी एकोणीस जणांमध्ये पूर्ण बदल, असं मधल्या पानावर जाड अक्षरात होतं. आणि त्याखाली त्यांनी शाईनं अधोरेखित केलेला परिच्छेद.

'यांपैकी क्रमांक अकराची नोंद विशेष विश्वासार्ह मानावी लागेल. त्याच्या नियोजित वधूने, ज्या स्वतः प्रशिक्षित परिचारिका आहेत, एकांतात विचारणा करून लेखी खात्री दिली.'

लग्न मोडलं, हे त्यात नव्हतं.

"हे वाचूनच माझा जीव भांड्यात पडला," त्या बाई म्हणाल्या. "बाकीचं एक वेळ सोडा. पण नर्स बाई, त्यातून स्वतः लग्न करणारी. ती कशाला खोटं लिहील?"

यमीमा काट्यावरून उतरली नव्हती. काटा केव्हाच थांबला होता.

मी दार लावलं आणि त्या दोघींना बसायला सांगितलं. जे वर लिहिलंय ते सगळं त्यांना सांगितलं. रबर सांगितलं, सहाव्या पायरीवरचा ओला ठसा सांगितला, भज्यांच्या कागदातले चार तुकडे सांगितले. मनूचं नाव तेवढं सांगितलं नाही. तेरा वर्षांत पहिल्यांदाच बोलत होते, त्यामुळं मधेमधे अडखळत होते. दोनदा पाणी प्याले.

त्या बाई ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी पुस्तिका उघडून तो परिच्छेद पुन्हा वाचला, आणि मग माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. भीती होती.

"म्हणजे हा एक चुकला," त्या म्हणाल्या. "पण सिस्टर, एक गेला तरी अठरा उरतातच की."

त्या अठरांना मी ओळखत नव्हते. त्यांच्या कागदांखाली कुणाकुणाच्या सह्या होत्या, मला कुठं माहीत. मी टेबलावरचं पेन घेतलं. एकोणीसवर एक आडवी रेघ मारली, बाजूला अठरा लिहिलं, अधोरेखित परिच्छेदावर तशीच रेघ मारली, आणि समासात लिहिलं, 'हे मी खोटे लिहिले होते.' खाली सही केली. हन्ना याकोब भिंगारदिवे.

"एवढ्यानं काय होतंय, बाई?" त्या म्हणाल्या. आता त्या रडत होत्या.

यमीमानं पुस्तिका टेबलावरून ओढून घेतली. रेघा पाहिल्या, सही पाहिली. मग ती पुन्हा माझ्यापुढं ठेवली आणि सहीच्या खालच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. दवाखान्यात आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली.

"सिस्टर, तारीख राहिली."

मी तारीख घातली.